खुकरी: एक नाव पाठ, बाकीचे १९३ कोण?

पाऊलखुणा
दिवाळीनंतर चार दिवस दीवला जाऊन आलो. किल्ला, चर्च, नागोआचा किनारा सगळं उरकलं आणि शेवटच्या संध्याकाळी रिक्षावाल्यानं आम्हाला चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर नेलं. तिथं काचेच्या पेटीत आयएनएस खुकरीची प्रतिकृती ठेवलीय. मागे समुद्र, सूर्य बुडायला आलेला, आणि पुढे सेल्फी काढणाऱ्यांची ही गर्दी. (त्यात आम्हीही. उगाच सोवळेपणा नको.)

रिक्षावाल्यानं तीन मिनिटांत गोष्ट सांगितली. ९ डिसेंबर १९७१ची रात्र, पाकिस्तानी पाणबुडी, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि बुडत्या जहाजावर खुर्चीत बसून सिगरेट ओढत राहिले. गोष्ट त्याला तोंडपाठ होती. मी विचारलं, आणि बाकीचे? तो म्हणाला, "बाकी सब तो नीचे थे."

ते "नीचे थे" डोक्यातून जाईना. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. १९४ माणसं. मला नाव एकाचंच माहीत. गर्दीत तिथले फलकही धड वाचले नाहीत, ही चूक माझीच. म्हणून विचारते: तुमच्यापैकी कुणाच्या घरातलं, गावातलं, ओळखीतलं कुणी खुकरीवर होतं का? आणि ज्यांचं थडगं नाही, अस्थी नाहीत, त्यांची आठवण घरचे नेमकी कशी ठेवतात?

रातकिडा
विनम्र अभिवादन. वाचतोय.

बखरवाचक
चांगला विषय. ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं.

४ डिसेंबरला आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, तोच दिवस आपण नौदल दिन म्हणून साजरा करतो. ८च्या रात्री पुन्हा कराची. त्याच सुमारास सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे पाकिस्तानची 'हंगोर' ही फ्रेंच बनावटीची पाणबुडी वावरत होती. तिच्या बिनतारी संदेशांवरून आपल्याला तिचा सुगावा लागला आणि तिला शोधायला १४व्या फ्रिगेट स्क्वाड्रनला पाठवलं. या स्क्वाड्रनमध्ये खुकरी, किरपाण आणि कुठार अशी तीन जहाजं, पण कुठारच्या बॉयलरमध्ये बिघाड झाल्यामुळे ती मुंबईतच राहिली. गेली ती दोनच.

म्हणजे शिकारी आपण होतो. पण हंगोरचा सोनार (पाण्यातल्या आवाजावरून जहाज हुडकणारं यंत्र) आपल्यापेक्षा लांबचं ऐकू शकत होता. त्यात आपल्या उबदार समुद्रात पाण्याचे थर वेगवेगळ्या तापमानाचे असतात, त्यातून जाताना आवाज वळतो आणि पाणबुडी त्या थराखाली दडू शकते. दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, रात्री पावणेनऊच्या सुमारास, खुकरीला पाणतीर (टॉर्पेडो) लागला. काही मिनिटांत जहाज गेलं. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

शेवाळ
खुकरी की कुकरी? आमच्या घरी ती खुखरी. सर्वमान्य काय ते एकदाचं ठरवा.

कोलंबीपुलाव
शेवाळभाऊ, आले का शुद्धलेखनाचे निरीक्षक! दोन 'ख' घाला नाहीतर एक, गुरख्याच्या कमरेला असतं तेच. किरपाण, कुठार, खुकरी: तिन्ही हत्यारांची नावं आहेत.

दादरकर_आजोबा
माझं वय तेव्हा एकोणीस. डिसेंबर ७१ची मुंबई म्हणजे काळोख. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळा रंग, भोंगा वाजला की चाळीतले सगळे जिन्याखाली. आम्हा पोरांना त्याची भीती नव्हती, गंमतच वाटायची, हे आज लिहायला लाज वाटते. कराची पेटल्याची बातमी आली तेव्हा चाळीत पेढे वाटले होते.

खुकरीचं कळलं तेव्हा कुणी मोठ्यानं बोललं नाही. चाळीत नेव्हीतले एक गृहस्थ होते, वेगळ्या जहाजावरचे. त्यांच्या बायकोकडे बायकांची रीघ लागली. प्रत्येकीला खात्री करून घ्यायची होती की ते "त्या" जहाजावर नव्हते. ती बाई दारात उभी राहून प्रत्येकीला तेच तेच सांगत होती, नाही हो, दुसरं, दुसरं. मग आत जाऊन रडली. कशासाठी ते तेव्हा मला कळलं नाही.

तिरकस
भावना दुखावतील, पण विचारतो. कॅप्टननं जहाजाबरोबर बुडायचं ही परंपरा आपण इंग्रजांकडून घेतली आणि तिची आरती करतो. प्रशिक्षित, अनुभवी अधिकारी वाचला असता तर पुढं उपयोगी पडला नसता का? आणि पाऊलखुणा यांचा मुद्दा इथंच येतो. एका माणसाच्या भव्य मृत्यूची गोष्ट एवढी देखणी असते की खाली कोंडून मेलेले लोक त्या गोष्टीचं नेपथ्य होऊन जातात.

बखरवाचक
तिरकस, दुसरा मुद्दा मान्य, पहिला नाही. वाचलेल्यांनी सांगितलंय की मुल्लांनी दोन अधिकाऱ्यांना स्वतः पाण्यात ढकललं आणि आपलं जॅकेट देऊन टाकलं. शेवटच्या मिनिटांत ते लोकांना बाहेर काढत होते. खाली शेकडो माणसं अडकलीत हे माहीत असताना उडी मारून तराफ्यावर बसणं त्या माणसाला जमलं नसेल. त्यात परंपरा किती आणि स्वभाव किती, हे तुम्ही-आम्ही कळफलकावरून ठरवू नये. महावीरचक्र उगाच दिलेलं नाही.

तिरकस
चक्राबद्दल मी बोललोच नाही. आरतीबद्दल बोललो.

निवृत्त_नाविक
मी खुकरीवर नव्हतो. त्या युद्धानंतर काही वर्षांनी भरती झालो आणि लहान जहाजांवर पंधरा वर्षं काढली. "खाली होते" म्हणजे काय ते सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला ते डोळ्यांपुढे येत नाही.

खुकरीची लांबी साधारण ९४ मीटर, रुंदी दहा. त्यात अडीचशेहून जास्त माणसं. वॉचवर, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीवर, नसलेली माणसं त्या वेळी मेसमध्ये असणार. जेवण, गप्पा, कुणी पत्र लिहितोय, कुणी पहाटेच्या वॉचसाठी आडवा झालाय. इंजिनरूम आणि बॉयलररूमवाले त्याहून खाली. वर यायला एका वेळी एकच माणूस चढेल एवढ्या लोखंडी शिड्या, आणि वर हॅच, म्हणजे डेकमधलं झाकणासारखं दार. युद्धात बरीच दारं नि हॅच बंद ठेवतात, पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. जी गोष्ट जहाज वाचवते तीच माणसाला अडकवते.

पाणतीर लागला की पहिले जातात दिवे. मग जहाज कलतं. कललं की शिडी ही शिडी राहत नाही, कधी भिंत होते, कधी छपराला टेकते. रोज शंभरदा चढलेला रस्ता हाताला लागत नाही. तेल सगळीकडे, हात निसटतात. आम्हाला सरावात डोळ्यांवर पट्टी बांधून मेसपासून वरच्या डेकपर्यंत जायला लावायचे. आम्ही हसायचो. एकदा वरिष्ठ नाविक म्हणाले, हसा, पण मोजा. किती पावलं, कितवी कड. तेव्हापासून मी कुठल्याही नव्या जहाजावर पहिल्या दिवशी पावलं मोजायचो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, हॉटेलात उतरलो तरी खोलीपासून जिन्यापर्यंतची पावलं मोजतो. बायको वैतागते.

कॅप्टनबद्दल एकच. ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवायच्या जागेवरचा, माणूस सगळ्यात वर असतो. त्याला बाहेर पडणं सगळ्यात सोपं. म्हणून ते थांबले ही गोष्ट खालच्या डेकवरच्या आम्हा लोकांना मोठी वाटते.

सह्याद्रीचा_वारा
काका, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही टंकताच आलं नाही.

एक तांत्रिक शंका. खुकरी त्या वेळी संथ का चालली होती? पाणबुडी शोधताना वेग आणि दिशा बदलत राहायचं असतं ना?

निवृत्त_नाविक
सोनारचा पल्ला वाढवण्यासाठी जहाजावर एक नवं उपकरण लावलं होतं आणि ते नीट चालावं म्हणून वेग कमी ठेवला होता, असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. त्यावर काम करणारा तरुण अधिकारीही त्याच जहाजावर होता आणि तोही गेला. चूक कुणाची, याच्यावर नौदलातले लोक अजून हमरीतुमरीवर येतात. किरपाणनं काय करायला हवं होतं याच्यावरही. तिच्यावरही पाणतीर सोडले गेले होते, पाणबुडी अजून खालीच होती. पाण्यातली माणसं दुसऱ्या दिवशी कच्छल जहाजानं उचलली. रात्रभर तेल आणि खारं पाणी. मी त्या वादात पडत नाही. तिथं असलेल्यांनी बोलावं.

मुसाफिर७७
समुद्रात गेलेल्यांची आठवण म्हटलं की मला रामदास बोट आठवते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या पणजोबांचे भाऊ त्यात होते.

कोलंबीपुलाव
आली! समुद्राचा धागा आणि रामदास आली नाही असं होत नाही. मी मनातल्या मनात पैज लावली होती की दहाव्या प्रतिसादाच्या आत येईल. थोडक्यात हरलो.

मुसाफिर७७
हसा हसा. पण रामदासवर अलिबागेत अजून कुणाच्या ना कुणाच्या घरी गोष्ट निघते. खुकरीवर निघते का, हाच तर धाग्याचा प्रश्न आहे ना?

सह्याद्रीचा_वारा
दुसऱ्या बाजूचंही एक लिहितो, शिव्या खाईन. पाकिस्तानी नौदल ९ डिसेंबर हा 'हंगोर दिन' म्हणून पाळतं. ती पाणबुडी कराचीच्या संग्रहालयात ठेवलीय, लोक आत जाऊन बघतात. आणि आपण ज्या रात्री पेढे वाटले (आजोबा, तुम्हाला टोमणा नाही) त्या रात्री त्यांच्या 'खैबर' विनाशिकेवरचे दोनशेहून जास्त खलाशी गेले. 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमपुढे बुडाली, आतलं एकही माणूस वाचलं नाही. तेही "नीचे"च होते.

देशभक्त_अण्णा
गाझीवाले इथं फुलं वाहायला आले नव्हते, विक्रांत बुडवायला आले होते. असली समतोल साधायची घाई आपल्याकडेच. त्यांच्या धाग्यावर कुणी खुकरीसाठी रडतं का, दाखवा.

दादरकर_आजोबा
अण्णा, टोमणा मी मनाला लावून घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. पेढे मी खाल्ले होते, पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा खाईन. पण आता रात्री जाग आली की शिडी शोधणारी पोरं आठवतात आणि अंधारात त्यांचा गणवेश दिसत नाही.

शेवाळ
बाहेरची दोन उदाहरणं. ब्रिटिशांची रॉयल ओक १९३९मध्ये स्कापा फ्लो बंदरात बुडाली, आठशेहून जास्त गेले. दरवर्षी नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन त्या सांगाड्यावरचा ध्वज बदलतात. आणि पर्ल हार्बरला ॲरिझोना युद्धनौकेवर ११७७ गेले; त्या हल्ल्यातून वाचलेल्यांपैकी काहींनी पुढं म्हातारपणी मेल्यावर आपल्या अस्थी खाली जहाजात, जुन्या सोबत्यांपाशी ठेवायला सांगितल्या. तेल अजून वर येतं.

उलट जावाच्या समुद्रात दुसऱ्या महायुद्धातली डच नि ब्रिटिश जहाजं भंगारवाल्यांनी उचलून नेली. २०१६मध्ये पाणबुडे खाली गेले तर जहाजाच्या जागी नुसता खड्डा. शेकडो माणसांची कबर किलोच्या भावानं गेली.

माधुकरी
आपल्याकडेही आहे, आणि मुंबईत आहे. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून जास्त नावांच्या नोंदीही तिथं ठेवलेल्या आहेत. मी मुंबईत तीस वर्षं काढली, त्याच रस्त्यानं मसाले आणि सुका मेवा आणायला जायचे, मला पत्ता नव्हता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली किती आडनावं त्यात असतील याचा विचार करा. बोटीवर गेला आणि आला नाही, एवढंच घरच्यांना माहीत.

मालवणी_खाजा
बरेच दिवस इथं नुसता वाचतो. आज लिहितो.

माझ्या आत्याचे यजमान खुकरीवर होते. नाव लिहीत नाही, आत्याला आवडणार नाही. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तार आली तेव्हा ती माहेरी, मालवणजवळच्या आमच्या गावात होती. तारेत "बेपत्ता" असा शब्द होता आणि त्या एका शब्दानं पुढची बारा वर्षं खाल्ली.

तिच्या सासूनं कुंकू पुसू दिलं नाही. त्या कोळी नव्हेत, पण आयुष्य समुद्राकाठी गेलेलं. म्हणायच्या, माणूस बघितल्याशिवाय मी मानत नाही. दुसऱ्या बाजूला सरकारी कागद रीतसर येत होते. म्हणजे पेन्शनच्या कागदावर आत्या विधवा आणि घरात सवाशीण. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हा वाडीतल्या बायकांपुढे पेच. काही बोलवायच्या, काही दारावरून जाताना मान वळवायच्या. तीच मग कुठं जाईनाशी झाली. वटपौर्णिमेला मात्र वडाला जायची, एकटी, उन्हं उतरल्यावर.

बारा वर्षं झाल्यावर थोरल्या दिरांनी भटजींना बोलावून पालाशविधी केला. देह मिळाला नाही की दर्भ आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मी सातवीत होतो. पुतळा एवढासा. आत्या म्हणाली, ते खूप उंच होते. बाकी काही बोलली नाही. विधी झाल्यावर तिनं कुंकू स्वतः पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही.

पाऊलखुणाताई, तुम्ही विचारलंत घरचे आठवण कशी ठेवतात. आमच्याकडे पितृपक्षातली चतुर्दशी. कॅलेंडरात त्या चौकोनात "शस्त्रादिहत पितृश्राद्ध" असं बारीक छापलेलं असतं. ती तारीख आमच्या घरी कुणाला शोधावी लागत नाही. ९ डिसेंबरला आत्या काहीच करत नाही. कामं करत राहते.

रातकिडा
_/\_

माधुकरी
खाजा, तुमच्या आत्याला नमस्कार सांगा. "कागदावर विधवा आणि घरात सवाशीण" हे वाचून उठून पाणी प्यायले.

तिरकस
मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण आज पुढं वाद घालणार नाही.

कोलंबीपुलाव
मी रामदासच्या पैजेबद्दल माफी मागतो. थट्टेचं ठिकाण चुकलं.

मुसाफिर७७
अरे नाही रे, थट्टा ठीक होती. पणजोबांचे भाऊ स्वतः फार विनोदी होते म्हणे.

यंत्रगंधर्व
थोडं वेगळं. त्याच नावाची दुसरी खुकरी १९८९मध्ये नौदलात आली. ती माझगाव डॉकमध्ये बांधली होती आणि माझे वडील तिथं वेल्डर होते. नौदलात दाखल करण्याच्या सोहळ्याला कॅप्टन मुल्लांच्या पत्नी होत्या. वडील सांगायचे की त्या जहाजावर काम करताना कुणी शिवी दिली तर मुकादम ओरडायचा, "ह्या नावावर नको." इतर जहाजांवर शिव्यांना मुभा होती.

ती डिसेंबर २०२१मध्ये निवृत्त झाली आणि तिला दीवलाच नेऊन संग्रहालय केलं. पाऊलखुणा, तुम्ही ती पाहिलीत का? टेकडीवरची काचेतली छोटी, आणि ही खरी.

पाऊलखुणा
नाही पाहिली! रिक्षावाल्यानं तिचं नावच काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुन्हा जावं लागणार.

सगळ्यांचे आभार. धागा कुठल्या कुठं गेला, पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे: १९४ नावं वाचायची कुठं?

देशभक्त_अण्णा
हे मी सांगतो. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २०१९मध्ये झालं. त्यातल्या त्यागचक्राच्या गोल भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जणांची नावं आहेत, प्रत्येकाला ग्रॅनाइटची एक वीट. अधिकारी, शिपाई, खलाशी सगळ्यांना सारखीच वीट, हे मला फार आवडलं. ७१च्या नौदलवाल्यांची नावंही त्यात आहेत. जाता येत नसेल तर त्यांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. आणि सह्याद्री, वर जरा तिखट बोललो. तुमच्या मुद्द्याशी अजूनही सहमत नाही, पण बोलायची पद्धत चुकली.

सह्याद्रीचा_वारा
अण्णा, काही नाही हो. माहितीबद्दल धन्यवाद.

निवृत्त_नाविक
शोधताना शुद्धलेखनाचं बघा. भरती करणारा कारकून जे ऐकेल ते लिहायचा. आमच्या तुकडीतल्या एका सावंताचा नोकरीभर "सामंत" झाला होता. नावानं मिळाला नाही तर सर्व्हिस नंबरनं खात्री करा.

मालवणी_खाजा
अण्णा आणि काका, दोघांचे आभार. काल रात्री बसून शोधलं. नाव मिळालं, स्पेलिंग खरंच चुकलेलं. सकाळी आत्याला फोन केला. आता ती पंच्याहत्तरीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं की दिल्लीत भिंतीवर त्यांचं नाव आहे.

थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "नंबर बराबर आसा काय, बघ." आणि मी काही विचारायच्या आत नंबर म्हणून दाखवला, एका दमात, पाढा म्हणावा तसा. प्रत्येक पत्राच्या पाकिटावर लिहायचा असे ना तो.

पाऊलखुणा
जुळला?

मालवणी_खाजा
जुळला.